साधनेची ओढ लागली आहे, नोकरी सोडू का?

ध्यानाची, नामस्मरणाची ओढ लागलेली तिशीच्या आतली मुलं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा हाच असतो. मागोमाग आईवडिलांचा फोन येतो, ‘याच्या डोक्यात हे कुणी भरवलं?’ अशाच एका मुलाबद्दल, त्याच्या परवानगीने आणि ओळख बदलून, लिहिते आहे.

वय 27, बी.कॉम., पुण्यातल्या एका वित्त कंपनीत कर्जवसुलीच्या विभागात. इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं, म्हणजे बुद्धाच्या परंपरेतल्या ध्यानाचं, 10 दिवसांचं शिबिर करून आला आणि कामात मन लागेना. घराचा हप्ता त्याच्याच पगारातून जायचा, वडील निवृत्तीला आलेले. तरी राजीनामा लिहून तयार होता.

पहिल्या भेटीत मी साधनेचा विषय काढलाच नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, मित्रांना भेटतोस का, हे विचारलं. आपल्याकडे नैराश्यालाही वैराग्य म्हणून मान मिळतो आणि त्यात महिनेच्या महिने निघून जातात. सगळ्यातूनच मन उडालं असेल, दिवसेंदिवस झोप नसेल, आपल्याला काही विशेष शक्ती मिळाली आहे किंवा कुणी आज्ञा देतं आहे असं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. करिअरचं नंतर बघता येतं. या मुलाचं तसं नव्हतं. तबल्याचा क्लास चालू होता, रविवारी गडावर जाणंही चालू होतं.

मग मी त्याला कामाचा एक दिवस सकाळपासून सांगायला लावला. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला पाठ होता. पण टार्गेट राहिलं की टीम लीडर म्हणायचा, ‘स्वतःच्या मोबाइलवरून लाव.’ असाच एक फोन त्याने रात्री एका निवृत्त शिक्षकांना लावला. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी तेरावं होतं. ‘बाळा, सोमवारी भरतो रे,’ ते म्हणाले. त्यावर याने ठरलेलं वाक्य टाकलं, ‘उद्या माणसं घरी येतील.’ कुणीही जाणार नव्हतं. हे सांगताना त्याचा आवाज बसला.

काम त्याला नको नव्हतं. खोटं बोलून माणसाला घाबरवायचं, हे काम त्याला नको होतं. शिबिरात शांत बसल्यावर इतके दिवस दाबून ठेवलेलं ते वर आलं. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव, म्हणजे सचोटीने पोट भरणं, हे स्वतंत्र अंग आहे. म्हणजे ज्या मार्गासाठी तो नोकरी सोडायला निघाला होता, त्या मार्गालाच ‘पोट कशावर भरतोस’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. धम्मगिरीत शिकवतात ती विपश्यना भारतात आणणारे गोएंका गुरुजी 1969 मध्ये इथे आले, त्याआधी ते ब्रह्मदेशात धंदा करणारे गृहस्थ होते. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन 1948 मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनाही ध्यान शिकवायचे. शिबिरात नाव ऐकलं होतं, पण हा माणूस सरकारी हिशेब बघायचा, हे या बी.कॉम. मुलाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

आम्ही राजीनाम्याची तारीख पुढे ढकलली. सहा हप्त्यांएवढे पैसे साठेपर्यंत थांबायचं आणि तोवर दुसरं काम शोधायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाची बैठक चुकवायची नाही. सातनंतर फोन करणार नाही, हे त्याने टीम लीडरला लेखी कळवलं. त्यावर बोलणी खावी लागली, पण त्याची झोप सुधारली.

आता तो एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. सुट्टीत शिबिरात धम्मसेवक म्हणून, म्हणजे साधकांची विनामोबदला सेवा करायला, जायचं ठरवतो आहे. पूर्णवेळ साधनेचा विचार त्याने सोडलेला नाही आणि मीही सोडायला सांगितलेलं नाही. सगळं सोडून त्या वाटेने जाणारी माणसं असतात, तो आजार नव्हे. दोन वर्षं रोजची बैठक टिकली आणि तेव्हाही हीच ओढ असली, तर त्यावर पुन्हा बोलू, असं ठरलं आहे.

पगार कमी झाल्यामुळे वडील मात्र अजून नाराज आहेत. निवृत्तीनंतरच्या खर्चाची त्यांची भीती खरी आहे. पुढच्या भेटीला घराच्या हप्त्याचे कागद घेऊन दोघांनीही या, असं सांगितलं आहे.