लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा) पावसाळ्यात पंजे चाटतो, कान खाजवतो, चिकनची अ‍ॅलर्जी असेल का?

चिकन एवढ्यात बंद करू नका, आणि तुम्ही विचारताय तो अ‍ॅलर्जीचा ऑनलाइन टेस्ट किट तर मुळीच मागवू नका. तुम्ही लिहिलंय की लॅब दोन वर्षांचा आहे, मागच्या पावसाळ्यात पण असंच झालं होतं, मधे ठीक होता, आता पाऊस लागल्यापासून पुन्हा पंजे चाटून राहिला. यातच अर्धं उत्तर आहे बघा, चिकन तर तो बाराही महिने खातो ना, मग खाज फक्त पावसाळ्यात कशी? खाण्याची अ‍ॅलर्जी सहसा मोसम बघून येत नाही.

माझ्या लॅबला पण हाच त्रास आहे म्हणून सांगतो, पहिले पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करा, काळी बारीक कणी दिसली तर ओल्या पांढऱ्या कागदावर चोळा, लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, त्यात कुत्र्याचंच रक्त असतं. अ‍ॅलर्जी पिसवांच्या लाळेची असते, त्यामुळे एखाददुसरी चावली तरी अख्खी पाठ खाजते, आणि कुत्रा त्या चाटून गिळून टाकतो म्हणून आपल्याला दिसत पण नाहीत. वजनाप्रमाणे पिसवा-गोचिडांची गोळी डॉक्टरांकडून घ्या (फिट येत असतील तर आधी सांगा), अंथरूण गरम पाण्यात धुवा कारण अंडी तिथेच पडतात.

पिसवांची खाज शेपटीकडे, मांड्यांवर जास्त. पंजे, कान, काखा, पोट, तोंड असं असेल तर धूळ, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी असू शकते, ती बहुतेक सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते, म्हणजे तुमच्या लॅबचं वय बरोबर त्यातलंच. आपल्या नागपुरात उन्हाळाभर बंद खोलीत कूलर चालतो, गाद्या दमट होतात, त्यात धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) वाढतात, आणि मग पाऊस आला की रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत. फिरून आलं की पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा, हे रोजचं काम आहे, कंटाळू नका.

बोटांमधले केस गंजल्यासारखे लाल झालेत का? कानातून आंबट वास, तपकिरी चिकट मळ? मग वरून यीस्ट (एक प्रकारची बुरशी) किंवा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालेलं असू शकतं, ते बरं केल्याशिवाय खाज थांबत नाही. डॉक्टरांना मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा, खरुजेसाठी स्किन स्क्रेपिंग (त्वचा हलकी खरवडून तपासणं) पण. क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू दिला तर फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या, लगेच धुतला तर उपयोग कमी.

खाज बाराही महिने राहायला लागली तर मग खाण्याचा विचार करा. रक्ताच्या, केसांच्या, लाळेच्या टेस्टवर भरवसा ठेवू नका. खरी परीक्षा म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेलं एकच खाणं किमान आठ आठवडे, मधे पोळी नाही, टोस्ट नाही, आजीच्या हातचं बिस्कीट नाही, आणि मग जुनं खाणं परत देऊन खाज येते का ते बघायचं. दुसरा भाग लोक करतच नाहीत आणि आयुष्यभर बिचाऱ्याचं चिकन तोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्टिरॉइडने लवकर आराम पडतो, पण दर पावसाळ्यात त्याच इंजेक्शनवर भागवू नका, तहान-लघवी वाढते आणि पुढे त्रास होतो. एक वर्षावरच्या कुत्र्याला ओक्लासिटिनिबच्या (खाज कमी करणाऱ्या) गोळ्या चालतील का ते विचारा. घरातली सर्दीची कॉम्बिनेशन गोळी, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन काहीच स्वतःच्या मनाने देऊ नका. जवळ डॉक्टर पटत नसेल तर सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, तिथे दाखवा.

आणि मधमाशी चावल्यावर किंवा लस दिल्यावर तोंड सुजलं, उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर इथे विचारत बसू नका, गाडी काढा आणि निघा.