मुलाला स्पीडवे रायडर व्हायचंय

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला स्पीडवेचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं, वेड लागलंय. चणीनं लहान आहे, पण ‘पीटर क्रेव्हनही एवढासाच होता’ म्हणतो. परीक्षा तोंडावर आहे. त्याच्या डोक्यातून हे कसं काढू?
– एक आई

उत्तर : ताई, काढायची घाई नको. मुलानं माणूस मात्र अस्सल निवडलाय. लिव्हरपूलचा क्रेव्हन तुमच्याच शहरातल्या बेल व्ह्यू संघाचा. १९५५ आणि १९६२ साली वेम्बलीवर तो जगज्जेता झाला. ५०० सीसीची गाडी, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच! डाव्या पायाच्या बुटाला पोलादी तळ. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत गाडी न्यायची. तोल सांभाळणं हाच सगळा खेळ, त्यामुळे लहान चणीबद्दल चिरंजीवांचं म्हणणं बरोबर आहे.

पण पोटापाण्याचं काय? चौघं रायडर, चार फेऱ्या, साधारण मिनिटभराची शर्यत. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला शून्य. कमाई बरीचशी या गुणांवर. गाडी स्वतःची, दुरुस्ती स्वतःची, हिवाळ्यात हंगाम बंद. नोकरीपेक्षा हा छोटा धंदाच म्हणा. हात मोडला की गल्ला बंद.

आणि ‘मी जपून चालवीन’ असं तो म्हणाला, तर त्याला २० सप्टेंबर १९६३ची एडिंबरातली शर्यत सांगा. पुढे पडलेल्या जॉर्ज हंटरला वाचवायला क्रेव्हननं गाडी वळवली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी गेला. वय अवघं २९. चूक त्याची नव्हती. आता बऱ्याच ट्रॅकवर हवेनं फुगवलेलं कुंपण असतं, तरी दुसऱ्याच्या पडण्यावर कुणाचा ताबा?

हे भीती घालायला सांगत नाही. इंजिन, टायर, मेथेनॉल (गाडीचं इंधन), हेल्मेट, विमा, प्रवास असा एका हंगामाचा खर्च त्यालाच वहीत मांडू द्या. पिट्समध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, एखाद्या रायडरला ‘हिवाळ्यात काय करता?’ असं विचारू द्या. परीक्षेनंतर मोटर मेकॅनिकची अप्रेंटिसशिप मिळते का बघा; ट्रॅकवर गेला तरी ती कामी येईल, नाही गेला तरी येईल.

आणि तुम्ही स्वतः एकदा तरी शर्यत पाहिलीय का? पत्रावरून तसं वाटलं नाही. बेल व्ह्यूचं नवं स्टेडियम गावातच आहे, त्याच्याबरोबर जा. वहीचं पान भरलं की त्याचा फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.