फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच!

प्रश्न: आमच्या संगणक प्रयोगशाळेच्या लिनक्स सर्व्हरवर प्रोसेस अकाउंटिंग, म्हणजे चाललेल्या प्रोग्रॅमचा हिशेब लॉग फाइलमध्ये ठेवणारी सोय, चालू आहे. डिस्क भरत आली म्हणून त्याची लॉग फाइल ‘आरएम’ या कमांडनं उडवली, पण जागा काही सुटली नाही. मग बंदच करावं म्हणून सी भाषेत चार ओळी लिहिल्या, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून एसीसीटी हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला थेट केलेली विनंती, केला आणि त्याला रिकामी स्ट्रिंग दिली. तर ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर! शिवाय आमचा डेटाबेस सर्व्हर कित्येक महिने अखंड चालू आहे, त्याची लॉगमध्ये एक ओळही नव्हती. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: आधी जागेचं बघू, कारण घाई तिथंच नडलीय. एसीसीटीला फाइलचं नाव दिलं, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती फाइल स्वतः उघडून धरून ठेवतं. तुम्ही उडवलंत ते नुसतं नाव. आतला मजकूर शाबूत आहे आणि हे वाचेपर्यंत त्यात आणखी भर पडली असेल. प्रोसेसनी उघडलेल्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडनं शोधाल, तर तिथंही हाती काही लागायचं नाही. ती कुठल्या प्रोसेसनं उघडलेलीच नाही ना!

कर्नलला ती सोडायला लावायची, तर कॉलला नल पॉइंटर द्या, म्हणजे नावाच्या जागी काहीच नाही असं सांगा. रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल नव्हे. कर्नलच्या लेखी तेही एक नावच, आणि त्या नावाची फाइल नाही, म्हणून ते उत्तर. रूट नसतात, तर गाडी त्याच्याही आधी, परवानगीपाशीच अडली असती.

पण माझं ऐकाल, तर कायमचं बंद करू नका. फाइलचं नाव बदला, जुन्या नावानं रिकामी फाइल तयार करा आणि एसीसीटीला तेच नाव पुन्हा द्या. कर्नल जुनी फाइल सोडून नवीत लिहू लागतं, मध्ये खंड पडत नाही. फाइल आधी तयार करायची एवढं विसरू नका, हा कॉल ती स्वतः बनवत नाही. आणि रिटर्न व्हॅल्यू तपासा हो, उणे एक आलं तर कारण ‘एरनो’ या व्हेरिएबलमध्ये असतं.

आता डेटाबेसचं. हे रजिस्टर बाहेर जायच्या दारावर ठेवलंय. आत कोण आलं, याची तिथं नोंदच नाही. प्रोसेस संपली की कर्नल तिची ओळ लिहितं. न संपणारी प्रोसेस त्यात कधीच येत नाही, आणि मशीन क्रॅश झालं तर त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्याच निसटतात. ‘काल रात्री मशीनवर काय चाललं होतं’ असं या लॉगला विचारणारे मला नेहमी भेटतात. त्याला ठाऊक असतं ते काय संपलं एवढंच.

मग डिस्क भरते कशानं? छोट्या कमांडनी. लिनक्सवर एक नोंद ६४ बाइटची. एखाद्या शेल स्क्रिप्टनं लूपमध्ये ‘सेड’ ही मजकूर बदलणारी कमांड एक लाख वेळा चालवला, की ६४ लाख बाइट झाले. तो सेड क्षणार्धात संपला काय किंवा तासभर चालला काय, जागा तेवढीच. तरी डिस्क पार तुडुंब होत नाही: मोकळी जागा २ टक्क्यांखाली गेली की कर्नल लिहिणं थांबवतं आणि ४ टक्के झाली की पुन्हा सुरू करतं. हे आकडे मूळ सेटिंगचे, बदलता येतात. या थांबण्यामुळे लॉगला भोकं पडतात, म्हणून मी फाइल वेळेवर बदलण्यावर अडून बसतो.

आणि यावरून चोर पकडायला जाऊ नका. हा कॉल युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीपासूनचा, कुणी किती सीपीयू वापरला याचा हिशेब ठेवणारा. कमांडचं नाव पहिल्या १५ अक्षरांपर्यंतच मिळतं, तिला दिलेली आर्ग्युमेंट मुळीच नाहीत. रूट हाती आलेला माणूस तर एका कॉलनं सगळंच बंद करतो. पाळत ठेवायची असेल, तर ऑडिट यंत्रणा वेगळी आहे, ती वापरा.

नव्या फाइलवर गेलात की हा लॉग वाचून दाखवणारी ‘लास्टकॉम’ कमांड चालवून बघा. बदल ‘अ‍ॅक्टऑन’नं, म्हणजे हाच कॉल करणाऱ्या तयार कमांडनं, केला असेल, तर जुन्यात जुन्या ओळींत तोच सापडेल, शेजारी रूटचे अधिकार वापरल्याची एस खूण. कॉल यशस्वी झाल्यावर तो स्वतःही संपतोच की!