एक्झिफ कुठे हरवले आणि प्लगइन का रुसले?

प्रश्न : मी हौशी पक्षीछायाचित्रकार असून फोटोंवर ‘गिंप’ या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये काम करतो. एका स्पर्धेला पाठवलेला खंड्याचा फोटो ‘एक्झिफ माहिती नाही’ (म्हणजे कॅमेरा फोटोसोबत जपतो त्या शटर, अ‍ॅपर्चर वगैरेंच्या नोंदी नाहीत) असा शेरा मारून परत आला. पक्ष्याभोवतीचा भाग निवडून, कॉपी करून, नवीन इमेज म्हणून पेस्ट केला होता. मूळ फोटोत माहिती आहे, पण अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्स किती उघडी होती त्याचा, आकडा तिथेही शून्य आहे. लेन्स जुनी, मॅन्युअल आहे. शिवाय गिंप 3.0 घेतल्यापासून नॉइज (फोटोतले दाणे) कमी करणारे माझे जुने, पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेले प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) मेनूत दिसेनासे झाले आहे. बिघाड कुठे आहे?

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. जुन्या मॅन्युअल लेन्सला विद्युत-संपर्काचे बिंदू नसल्यामुळे ती किती उघडी आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही. म्हणून शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) नोंदले जातात, अ‍ॅपर्चर मात्र शून्य किंवा कोरे राहते. तो आकडा आपणच वहीत टिपून ठेवावा.

उरलेली माहिती गेली ती कॉपी-पेस्टच्या वाटेने. एक्झिफ फोटोच्या पिक्सेलमध्ये नसते, ती फाइलच्या सुरुवातीला वेगळ्या कप्प्यात असते. तुम्ही पक्षी उचलून नव्या इमेजमध्ये नेलात, कप्पा जुन्या फाइलमध्येच राहिला. यापुढे मूळ फाइल उघडून त्यातच क्रॉप करावे आणि जेपेग एक्स्पोर्ट करताना एक्झिफ जतन करण्याच्या चौकटीत खूण आहे ना, हे पाहावे. हाच फोटो कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण साध्या फोटोतून ही माहिती काढून टाकली जाते.

तयार झालेल्या फोटोत ती परत भरायची असेल तर फिल हार्वी यांचे ‘एक्झिफटूल’ हे विनामूल्य साधन मूळ फाइलमधील नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवते. त्यात एक खोच आहे : कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो उघडताना गिंपने सरळ करून घेतलेला असतो, आणि ‘फोटो फिरवून दाखवा’ ही जुनी नोंदही पुन्हा उतरवली तर तो आडवा पडतो, तेवढी दिशेची नोंद वगळावी. स्पर्धेला पाठवताना मात्र मूळ फाइलही सोबत द्यावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण मागाहून भरलेल्या नोंदींवर परीक्षकांनी शंका घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही.

आता प्लगइन. मार्च 2025 मध्ये आलेल्या गिंप 3.0 मध्ये पायथन 2 ऐवजी पायथन 3 आहे आणि प्लगइनने गिंपशी बोलण्याची पद्धतही बदलली आहे, त्यामुळे गिंपच्या आधीच्या 2.10 आवृत्तीसाठी लिहिलेली फाइल नुसती उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकली तर ती चालत नाही, 3.0 साठीची आवृत्तीच शोधावी लागते. ती मिळाल्यावरही एका ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते. प्रत्येक प्लगइनला स्वतःचे फोल्डर लागते आणि फोल्डरचे नाव फाइलच्या नावासारखेच असावे लागते : ‘डीनॉइज.पीवाय’ ही फाइल ‘डीनॉइज’ याच फोल्डरमध्ये हवी. गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेली झिप उघडली की फोल्डरच्या नावाला ‘-मेन’ असे शेपूट चिकटलेले असते, किंवा फोल्डरच्या आत पुन्हा फोल्डर निघते, आणि प्लगइन कसलीही तक्रार न करता गप्प बसते. ते फोल्डर नेमके कुठे ठेवायचे तो पत्ता प्रेफरन्सेसमधील फोल्डर्स या भागात प्लगइन्सखाली दिलेला असतो. लिनक्स वापरत असाल तर फाइलला चालवण्याची परवानगीही द्यावी. त्यानंतर गिंप बंद करून पुन्हा सुरू करावे. तरीही प्लगइन दिसले नाही तर गिंप टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) सुरू करावे, म्हणजे ते कोणत्या ओळीवर अडखळले तो संदेश तिथे उमटतो.