पहिली प्राइम लेन्स : ३५ की ५०?

प्राइम म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स. ती घेण्यापूर्वी कॅमेऱ्यासोबत आलेली आपली १८-५५ मिमीची किट लेन्स आठवडाभर आधी ३५वर आणि मग ५०वर ठेवून, झूमच्या रिंगला हात न लावता फोटो काढून पाहावेत. एपीएस-सी सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरवर, ५० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीइतके अरुंद दृश्य दाखवते. दहा बाय दहाच्या खोलीत बारशाचे फोटो काढताना माझी पाठ भिंतीला टेकली, तरी पाळण्याभोवतीच्या निम्म्या बायका चौकटीबाहेरच राहिल्या. घरगुती वापरासाठी म्हणूनच मी ३५ मिमी एफ/१.८ सुचवेन (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). किट लेन्सच्या ५५वरील एफ/५.६च्या तुलनेत एफ/१.८ला सुमारे दहापट प्रकाश आत येतो. निकॉन डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात मिळणारी, स्वतःची मोटर नसलेली जुनी ५० मिमी एफ/१.८डी तिच्यावर ऑटोफोकस करणार नाही. किट लेन्स मात्र विकू नये. तिचे पैसे येतात तरी किती!