ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर जाताय? आधी बोटीचं बघा

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर परतीची बोट विमानाच्याच दिवशी ठेवू नका. त्या दिवसांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. जोर वाढला की बोटी रद्द होतात, आणि पहिला फटका छोट्या वेगवान बोटींना बसतो. म्हणून अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठी फेरीबोटच धरा. पाच-साडेपाच तास लागतात, पण डेकवर मजेत जातात. परतताना विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच मुक्काम करा.

आगिओस प्रोकोपिओसच्या किनाऱ्यावर बसने जाता येतं. डोंगरातली हाल्की, अपिरान्थोस ही गावं मात्र चुकवू नका. स्कूटर हवी तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. शाकाहाऱ्यांनी टोमॅटोत शिजवलेले टपोरे गिगांतेस (पांढऱ्या घेवड्याचे दाणे) मागवावेत. तिथले बटाटे तर ग्रीसभर नावाजलेले! आणि हो, टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा.