अहवाल, निकाल आणि संशोधन लेख वाचता-लिहिता येतील इतका इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून, राहायला कोपरखैरणे, ठाण्यात राज्यशास्त्राचं एम.ए. सुरू आहे. रोजचं इंग्रजी समजतं, पण संशोधन लेख, न्यायालयाचे निकाल, महापालिकेचे इंग्रजी अहवाल वाचताना ओळीओळीला अडतं. लिहायला बसलं की ‘इम्पॉर्टंट’, ‘प्रॉब्लेम’ आणि ‘गव्हर्नमेंट शुड’ यांच्यापलीकडे काही सुचत नाही. हजार शब्दांची यादी दोनदा पाठ केलीत, तरी डोक्यात काही उरलं नाही.

यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. अशा याद्यांत शब्द एकटा असतो, समोर त्याचा एक मराठी अर्थ, आणि बरेचदा शब्दही तुमच्या कामाचे नसतात. ‘लॅकोनिक’ किंवा ‘गॅरुलस’ हे स्पर्धा परीक्षेत एका गुणापुरते ठीक आहेत, पण पाणीपुरवठ्याच्या अहवालात ते भेटणार नाहीत. तिथे भेटतात ‘असेस’, ‘अलोकेट’, ‘कन्स्ट्रेन’, ‘डिराइव्ह’, ‘एन्फोर्स’. यादीच हवी असेल तर न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या यादीत ५७० शब्दकुटुंबं (एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, जसं ‘असेस’, ‘असेसमेंट’) आहेत आणि विद्यापीठीय लेखनातले साधारण दहा टक्के शब्द तीच भरून काढतात. यादी फुकट मिळते आणि वापरानुसार दहा भागांत विभागलेली आहे. पहिले चार भाग म्हणजे २४० कुटुंबं. ती आधी पक्की करा, उरलेली वाचताना आपोआप भेटतात. मात्र ही यादी पाठ करायला वापरू नका. वाचताना अडलेला शब्द तिच्यात आहे का ते बघा. असेल तर त्याच्यावर वेळ घाला, नसेल आणि विषयालाही लागत नसेल तर सोडून द्या.

वाचायला काय घ्यावं, हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. मजकुरातले सलग शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांखाली रेघ ओढा. दोन ते पाच रेघा आल्या तर तो मजकूर शिकायला योग्य. दहाच्या वर गेल्या तर संदर्भावरून अर्थ लागत नाही आणि सगळा वेळ शब्दकोश चाळण्यात जातो. तो मजकूर दोन महिन्यांनी घ्या. बरेच जण थेट न्यायालयाच्या निकालापासून सुरुवात करतात आणि तिथेच धीर सोडतात.

मजकूर ठरला की विषय एकच धरा, निदान तीन-चार आठवडे. आज हवामान, उद्या बँकिंग, परवा परराष्ट्र धोरण असं केलंत तर कुठलाच शब्द पुन्हा समोर येत नाही. एकच विषय धरला की तेच पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात, आणि शब्द पक्का होतो तो असा वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा भेटल्यानेच.

सुरुवातीला मी संविधानाची बारावी अनुसूची सुचवेन. ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. महापालिकांकडे कोणती कामं सोपवता येतील याच्या अठरा छोट्या नोंदी तिच्यात आहेत. मराठी संविधानात तीच अनुसूची मराठीत मिळते, म्हणजे दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचता येतात. ठाणे असो की नवी मुंबई, या कामांपैकी बहुतेक तुम्ही रोज डोळ्यांनी बघता, त्यामुळे विषय समजावून घेण्यात वेळ जात नाही. आता नोंदी बघा. ‘अर्बन पॉव्हर्टी अलीव्हिएशन’: ‘अलीव्हिएट’ म्हणजे त्रास हलका करणं, समूळ नाहीसा करणं नव्हे, त्यासाठी ‘इरॅडिकेट’ आहे. म्हणून ‘अलीव्हिएट’च्या पुढे ‘पॉव्हर्टी’, ‘कंजेशन’, ‘पेन’, ‘हार्डशिप’ असे त्रासाचेच शब्द येतात. ‘अलीव्हिएट करप्शन’ कुणी म्हणत नाही, तिथे ‘कर्ब’ किंवा ‘कॉम्बॅट’ लागतं. ‘प्रोव्हिजन ऑफ अर्बन अमेनिटीज’ मधलं ‘प्रोव्हिजन’ म्हणजे सोयी पुरवणं. कायद्यात तोच शब्द कलमातल्या तरतुदीसाठी येतो आणि अर्थसंकल्पात पैशाच्या तरतुदीसाठी. ‘व्हायटल स्टॅटिस्टिक्स’ म्हणजे महत्त्वाची आकडेवारी नव्हे, जन्म-मृत्यूच्या नोंदी. एवढ्या अठरा ओळींतून तीसेक शब्द निघतात, आणि तेही सोबत्यांसकट.

हा सोबतीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निधी आधी ‘सँक्शन’ होतो, मग ‘अलोकेट’, मग ‘डिस्बर्स’, मग ‘युटिलाइझ’. वेळेत खर्च झाला नाही तर ‘लॅप्स’ होतो आणि भलतीकडे वळवला तर ‘डायव्हर्ट’. कायदा ‘एनॅक्ट’, ‘अमेंड’ आणि ‘रिपील’ होतो. आपल्याकडे अंमलबजावणी योजनेचीही होते आणि नियमाचीही. इंग्रजीत योजना ‘इम्प्लिमेंट’ करतात आणि नियम ‘एन्फोर्स’ करतात, कारण नियमामागे दंडाचा धाक असतो. वहीत नुसतं ‘इम्प्लिमेंट म्हणजे अंमलबजावणी करणे’ असं लिहिलंत तर हा फरक हातून निसटतो.

मालमत्ता करावरून हे आणखी स्पष्ट होईल, कारण त्याचं बिल प्रत्येक घरात येतं. कर लावणं म्हणजे ‘लेव्ही’. तुमच्या घराचा कर किती, हे ठरवणं म्हणजे ‘असेस’. वसुली ती ‘कलेक्शन’. थकबाकी ‘अरिअर्स’, आणि हा शब्द नेहमी अनेकवचनी. आता सूट देण्याचे तीन प्रकार घ्या. ‘एक्झेम्प्ट’ म्हणजे मुळात करच लागू नाही. ‘वेव्ह’ म्हणजे रक्कम देय होती, ती सोडून दिली, जसं थकबाकीवरचा दंड माफ करणं. ‘रिबेट’ म्हणजे कर लागू आहे पण काही अट पाळली, उदाहरणार्थ लवकर भरला, म्हणून त्यातला काही भाग कमी केला. मराठीत बोलताना आपण तिन्हीला सूट किंवा माफी म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत शब्द बदलला की कायदेशीर स्थितीच बदलते, म्हणून प्राध्यापक अशा ठिकाणी गुण कापतात आणि ते बरोबरच आहे.

कायदे आणि निकाल वाचताना मोठी नामं जेवढी अडवतात, त्याहून जास्त घात लहान जोडशब्द करतात. ‘सब्जेक्ट टू सेक्शन फाइव्ह’ असं असेल तर पाचवं कलम वरचढ आणि समोरचं वाक्य त्याच्या अधीन. ‘नॉटविथस्टँडिंग सेक्शन फाइव्ह’ असेल तर बरोबर उलट: पाचव्या कलमात काहीही असलं तरी चालणार ते समोरचं वाक्य. ‘प्रोव्हायडेड दॅट’ ने अट किंवा अपवाद सुरू होतो. ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘मे’ म्हणजे अधिकाऱ्याला विवेकाधिकार. ‘विदाउट प्रेज्युडिस टू’ म्हणजे अमुक हक्काला धक्का न लावता. असे पंधरा-वीस जोडशब्द आधी शिका. मराठी कायद्यांच्या भाषेत ‘च्या अधीन राहून’, ‘काहीही अंतर्भूत असले तरी’, ‘परंतु’ ही त्यांची रूपं ठरलेली आहेत, त्यामुळे दोन्ही पाठ शेजारी ठेवले की ती लगेच जुळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. पारिभाषिक शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. एरवीच्या शब्दाला मात्र इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स शब्दकोशच (भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेला) हवा, कारण पुढे कोणतं नाम येतं आणि कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, हे त्यातल्या उदाहरणवाक्यांत दिसतं. मोबाइलवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये नुसता शब्द टाकलात तर ते कळत नाही.

आता पाठांतराबद्दल. कार्डं करा, पण शब्द आणि अर्थ अशी नकोत. पुढच्या बाजूला वाचनात आलेलं खरं वाक्य लिहा, हव्या त्या शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर ठेवा, खाली मराठीत सूचना द्या. ‘इंडस्ट्रियल युनिट्स मस्ट सी—— विथ द एफ्लुएंट नॉर्म्स’, सूचना: पालन करणे. मागच्या बाजूला ‘कम्प्लाय विथ’, नाम ‘कम्प्लायन्स’, उलट ‘व्हायोलेट’. अर्थात तुम्ही कार्डं रोमन लिपीतच लिहाल. शब्द आठवून काढावा लागला तरच तो लिहिताना हाताशी येतो. समोर दिसला की ओळखू येणं ही निराळी गोष्ट, आणि यादी पाठ करणारे नेमके तिथेच थांबतात.

रोज आठ नवी कार्डं, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुरे. उजळणी साधारण पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी करा. ‘अँकी’ हे अ‍ॅप हे वेळापत्रक आपोआप सांभाळतं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कागदाची कार्डं आणि पाच कप्प्यांचा खोकाही तेच काम करतो. कोपरखैरणे ते ठाणे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत वीसेक मिनिटं मिळतात, उजळणी तिथे उरकेल. नवी कार्डं मात्र घरी टेबलावर बसूनच करा. तीन आठवड्यांनी उजळणीचा ढीग वाढतो आणि बहुतेकांचं गाडं तिथे अडतं, कारण ते नवे शब्द चालू ठेवतात आणि उजळणी टाकतात. करायचं उलट: ढीग साचला तर नवे शब्द चार दिवस बंद, उजळणी चालू. आणखी एक काळजी घ्या. अर्थाने जवळचे शब्द एकाच दिवशी घेतले की ते एकमेकांत मिसळतात. वर मी ‘एक्झेम्प्ट’, ‘वेव्ह’, ‘रिबेट’ फरक दाखवायला एकत्र मांडले. कार्डं करताना त्यांच्यात आठवड्याचं अंतर ठेवा.

मराठी माध्यमातल्यांच्या काही चुका ठरलेल्या असतात आणि त्यांचं मूळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे. आपण एखाद्या गोष्टी‘वर’ भर देतो, म्हणून ‘एम्फसाइझ ऑन’ लिहून जातो. ‘ऑन’ तिथे नको. एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘अबाउट’ नको. ‘डिमांड’ नाम असेल तर ‘फॉर’ हवं, क्रियापद असेल तर नको. ‘कम्प्राइझ ऑफ’ ऐवजी नुसतं ‘कम्प्राइझ’, नाहीतर ‘कन्सिस्ट ऑफ’. दुसरा गट अनेकवचनाचा: ‘एव्हिडन्स’, ‘इन्फ्रास्ट्रक्चर’, ‘लेजिस्लेशन’, ‘रिसर्च’, ‘इन्फर्मेशन’ यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. पुरावे, कायदे, संशोधनं असं मराठीत चालतं म्हणून तो लावला जातो.

लिखाण आठवड्यातून एकदा, दीडशे शब्द, त्या आठवड्यातले सहा शब्द वापरून. विषय जवळचा घ्या. ठाणे खाडी घ्या: २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), म्हणजे ‘डेझिग्नेट’, ‘नोटिफाय’, ‘वेटलँड’, ‘एन्क्रोच अपॉन’, ‘रिक्लेम’ हे शब्द त्या विषयाबरोबरच येतात. तुमचं पहिलं वाक्य बहुधा असं असेल: ‘गव्हर्नमेंट शुड टेक अ‍ॅक्शन ऑन मॅन्ग्रोव्ह प्रॉब्लेम’. यात भारी शब्द पेरून काही सुधारत नाही. आधी विचारा: गव्हर्नमेंट म्हणजे कोण? राज्याच्या वन विभागाचा मॅन्ग्रोव्ह सेल की महापालिका? अ‍ॅक्शन म्हणजे हद्द आखणं, भराव काढणं, की दंड? मग वाक्य होतं: ‘द मॅन्ग्रोव्ह सेल शुड डीमार्केट द बाउंड्री, अँड द कॉर्पोरेशन शुड पेनलाइझ दोज हू डम्प डेब्री विदिन इट.’ ‘डीमार्केट’ आणि ‘पेनलाइझ’ हे शब्द इथे कोण काय करणार हे ठरल्यामुळे आले. मोघम शब्दामागे बरेचदा विषयाची मोघम माहिती असते, त्यामुळे लिहिण्याआधी जबाबदार यंत्रणेचं नाव शोधणं हाही शब्दसंग्रहाचाच अभ्यास आहे.

दाव्याचं वजन सांभाळणारी क्रियापदं वेगळी शिका. एका पाहणीवरून काही ‘प्रूव्ह’ होत नाही. ती ‘सजेस्ट’ किंवा ‘इंडिकेट’ करते. ‘अलेज’ म्हणजे सिद्ध न झालेला आरोप करणं. ‘कन्सीड’ म्हणजे समोरच्याचा मुद्दा, नाइलाजाने का होईना, मान्य करणं. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्याने खोडून काढणं. नुसतं नाकारलं असेल तर ‘डिनाय’ किंवा ‘रिजेक्ट’ लिहा.

उच्चाराकडे सेमिनारच्या आधी लक्ष द्या. कुटुंबातला शब्द बदलला की आघात सरकतो: ‘इकॉनॉमी’त तो ‘कॉ’वर असतो, ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर, ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये पहिल्या अक्षरावर, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने उच्चारतो, आणि ओळखीचा शब्दही समोरच्याला पटकन कळत नाही. ऑनलाइन शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं. कार्ड करतानाच ते दाबून दोनदा ऐका, दोनदा मोठ्याने म्हणा आणि ज्या अक्षरावर जोर आहे त्याखाली रेघ ओढून ठेवा.